पाठ

तालमीत पाठ मातीला टेकली की माणूस हरला,
एवढा सरळ हिशोब कोल्हापुरात दुसरा नाही.
माझे वडील, सिलास आवळे,
ह्या हिशोबाने अडीचशे वेळा तरी हरले असतील.
रोजावर.

घोड्यावरून, कौलांवरून, पन्हाळ्याच्या उतारावरून
ते पडायचे, हिरोच्या कपड्यांत.
हिरो तोवर छत्रीखाली सोडा प्यायचा.
पडद्यावर वडिलांचं तोंड कधी आलं नाही.
आली ती पाठ.

मॅटिनीला मला न्यायचे, पुढच्या बाकांवर,
शेंगदाण्याची पुडी सोडत कानाशी सांगायचे,
"ही पाठ आपली. थांब, आता येतीय ती बी आपलीच."
मागून शिट्ट्या, फेटे उडालेले,
कुणी गुलाल आणलेला पोस्टरवरच्या माणसासाठी,
कुणी चिल्लर उधळलेली.
वडील अंधारात वाकून पायाखालचे चार आणे वेचायचे.
"ह्यात माझं बी हाय की."

शनिवारी रात्री आई हळद गरम करायची.
हिरवे, जांभळे, पिवळे पडत चाललेले वळ,
बोटाने एकेक मोजायची, बोलायची नाही.
एकदाच म्हणाली,
"दुसऱ्याच्या वाटचा मार खायाचा, असं कुठं लिवलंय का?"
"लिवलंय की," वडील म्हणाले.
"रोजाचं तेवढं न्हाई लिवलेलं."

रविवारी उपासनेला ते ताठ बसायचे,
दीड तास, बाकाला न टेकता.
पाळकसाहेबांना वाटायचं, केवढी ही भक्ती.

मला मात्र एक गोष्ट पचत नव्हती.
शब्बाथशाळेत चोपडेबाईंना विचारलं,
प्रभूने एक तरी ठोसा का नाही हाणला?
शिपाई किती होते असे?
आपला हिरो तर वीसजण एका हाताने लोळवतो.
बाईंनी मला दारात उभं केलं.

घरी वडिलांना विचारलं.
त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली, प्यायले,
बशी पालथी घातली.
"मारायला काय लागतंय रं.
कॅमेरा नीट लावला की हात न लावता बी मारता येतंय.
पडणाऱ्याला मात्र खरंच पडाय लागतंय."

एका उत्तम शुक्रवारी मंडळीने नाटक बसवलं.
सगळ्यांनी धरून आणलं, सिलासभाऊ, प्रभूचं काम तुम्हीच करा,
अंगाने कसे भरलेले आहात.
ते नको म्हणाले. तोंड दाखवायचं काम आपलं नव्हं.
मागून घेतलं ते त्या परगावच्या माणसाचं,
शेतावरून घरी निघालेल्या,
शिपायांनी उगाच धरून ज्याच्या खांद्यावर वधस्तंभ दिला त्याचं.
तीन मिनिटं. एक शब्द नाही.
खांब पोकळ करू म्हणाले पोरं, तर ह्यांनी
गंगावेशीच्या वखारीतून अख्खी सागाची तुळई आणली
आणि प्रेक्षकांकडे पाठ करून चालत राहिले.
पायरीवर अडखळले तेव्हा आई उभी राहिली होती.
ते नाटकातलं होतं की नव्हतं,
मी अजून विचारलेलं नाही.

आता एक्याऐंशी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
परवा मॉलमधल्या थिएटरात नेलं, सरकत्या जिन्यावर हात धरून.
हिरोने सातव्या मजल्यावरून उडी मारली,
नव्वद माणसं मारली, केस विस्कटले नाहीत.
अंगाला तार, उरलेलं संगणकाने केलेलं.
शिट्ट्या त्याच.
वडील हिरोकडे बघतच नव्हते.
पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात काळ्या शर्टातलं एक पोरगं
जिन्यावरून गडगडत खाली आलं, भिंतीला आपटलं.

"चांगला पडला," वडील म्हणाले.
मग माझा दंड धरून,
"उठला का रं त्यो?"
"सीन बदलला, आबा."

मध्यंतर झालं, शेवट झाला, नावं वर वर निघून गेली.
दिवे लागले. झाडू घेतलेली दोन पोरं आली,
आमच्या रांगेशी येऊन थांबली.
वडील अजून पडद्याकडे तोंड करून बसलेले,
ताठ,
मऊ खुर्चीला न टेकता.